तेच लोक, पुन्हा पुन्हा: समाजातला आणि माणसातला बदल कसा मोजतात

बातम्यांत अशी वाक्ये वरचेवर दिसतात: "गरिबीचे प्रमाण पाच वर्षांत होते तेवढेच राहिले." "आजची तरुण पिढी आधीच्या पिढीपेक्षा एकटी पडली आहे." "वयाबरोबर बुद्धीची धार कमी होते." तिन्ही वाक्ये बदलाविषयी आहेत. हा बदल मोजला कसा, हे मात्र बातमीत क्वचितच असते, आणि ते कळल्याशिवाय यांतल्या एकाही वाक्याचा खरा अर्थ लागत नाही.

पहिलेच वाक्य घेऊ. समजा १०० कुटुंबांच्या वस्तीत सुरुवातीला २० कुटुंबे गरीब होती आणि पाच वर्षांनीही २०च आहेत. प्रमाण जागचे हलले नाही. पण यामागे दोन अगदी वेगळ्या कहाण्या असू शकतात. एकीत तीच २० कुटुंबे पाचही वर्षे गरिबीत रुतून बसली. दुसरीत आधीची २० वर आली आणि वेगळी २० खाली गेली. पहिल्या वस्तीला दीर्घकाळ टिकणारी मदत, शिक्षण, कामाची साधने हवीत. दुसरीला आजारपण किंवा नोकरी जाणे अशा अचानक धक्क्यांपासून संरक्षण हवे. आकडा एकच, औषध निराळे. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांनी सामाजिक वर्गाला बसची उपमा दिली होती: बस कायम भरलेली असते, पण आतले प्रवासी बदलत राहतात. प्रवासी बदलले की नाहीत, हे नुसती डोकी मोजून कळत नाही.

एकदा पाहणे, पुन्हा पाहणे, त्यांनाच पाहणे

पाहणीचे तीन प्रकार आहेत आणि गोंधळ सगळा त्यांची सरमिसळ होते तिथे आहे.

पहिला प्रकार म्हणजे एका वेळी एकदाच केलेली पाहणी. २० वर्षांचे, ४० वर्षांचे आणि ६० वर्षांचे लोक एकाच महिन्यात तपासले आणि त्यांची तुलना केली. स्वस्त, झटपट, आणि बदलाबद्दल बोलायला सर्वांत धोक्याची. कारण इथे कोणीही बदलताना दिसलेले नसते. वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसे दिसलेली असतात.

दुसऱ्या प्रकारात पाहणी काही वर्षांनी पुन्हा होते, प्रश्न तेच असतात, पण दर वेळी माणसे नव्याने निवडली जातात. भारतातले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२–९३ पासून असेच चालते. संपूर्ण समाज कुठून कुठे गेला, हे यातून उत्तम कळते. कोणते कुटुंब कुठून कुठे गेले, हे कळत नाही.

तिसऱ्या प्रकारात त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचे. याला लाँजिट्यूडिनल स्टडी म्हणतात. पुढे मी 'पाठपुरावा अभ्यास' म्हणेन. सर्व वयांच्या लोकांचा ठरलेला गट घेतला तर त्याला पॅनेल म्हणतात. एकाच काळात जन्मलेल्यांचा गट घेतला तर तो जन्मगट. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांपैकी ५,३६२ जणांचा पाठपुरावा आयुष्यभर होत राहिला. भारतात 'भारत मानव विकास सर्वेक्षणा'ने २००४–०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबांना प्रश्न विचारले आणि २०११–१२ मध्ये त्यांतल्या ८३ टक्के कुटुंबांना पुन्हा गाठले.

गरिबीत कितीजण आले, कितीजण अडकले

पाठपुराव्याने काय उलगडते, याचे ठसठशीत उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे १९६८ पासून सुमारे ५,००० कुटुंबांचे एक पॅनेल चालू आहे. त्याच्या पहिल्या दहा वर्षांच्या माहितीवरून दिसले की लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा त्या काळात निदान एखादे वर्ष तरी गरीब होता. मात्र दहापैकी आठ किंवा अधिक वर्षे गरीब राहिलेले लोक ३ टक्क्यांहूनही कमी होते. 'गरीब म्हणजे एक कायमचा, ठरलेला वर्ग' हे चित्र या आकड्यांपुढे टिकेना.

पण इथेच दुसरी चूक व्हायचा संभव असतो: "म्हणजे गरिबी तात्पुरतीच असते." तसेही नाही. छोटा हिशेब करून पाहा. वर्षभरात १२ माणसे प्रत्येकी एक-एक महिना गरीब झाली, दर महिन्याला एक. तेरावा माणूस पूर्ण वर्ष गरीब राहिला. वर्षात कधी ना कधी गरीब झालेले १३, त्यांतले १२ अल्पकाळाचे. पण कोणत्याही एका महिन्यात जाऊन पाहिले तर गरीब दोनच सापडतील आणि त्यांतला एक कायमचा. म्हणजे अर्धे. एकाच वास्तवातून "बहुतेक गरीब तात्पुरते" आणि "निम्मे गरीब कायमचे" ही दोन्ही विधाने निघतात, आणि दोन्ही खरी आहेत. कोण काय मोजत आहे, हे आधी विचारायला हवे.

वय, काळ आणि पिढी

आता सर्वांत अवघड गाठ. साठीतल्या आणि विशीतल्या माणसांत फरक दिसला, तर त्याची तीन कारणे असू शकतात. वय: माणूस म्हातारा होतो तसा बदलतो. काळ: युद्ध, मंदी, महासाथ, मोबाइल असे काहीतरी सगळ्यांवर एकदम येते. पिढी: ज्या दशकात माणूस वाढला, त्याचा ठसा जन्मभर राहतो.

बुद्धिमापनाच्या क्षेत्रात ही गाठ फार महागात पडली होती. एकदाच केलेल्या पाहण्यांत दिसायचे की तिशीनंतर गुण घसरत जातात. त्यावरून "बुद्धी तिशीपासून उतरणीला लागते" हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ५०० प्रौढांपासून सुरुवात केली. दर सात वर्षांनी ते त्याच लोकांकडे परत गेले आणि दर वेळी नवे लोकही घेतले. चित्र पालटले. झटपट प्रतिसाद मोजणाऱ्या चाचण्यांत घट लवकर दिसते, पण इतर बऱ्याच क्षमता साठीपर्यंत टिकून राहतात. आधीच्या पाहण्यांतली उतरण बरीचशी पिढ्यांमधली होती: वृद्धांचे शिक्षण तरुणांपेक्षा कमी झालेले होते. त्यांची बुद्धी घसरली नव्हती. त्यांना शाळाच कमी मिळाली होती.

या तिन्ही गोष्टी पूर्णपणे वेगळ्या करणारे सूत्र नाही, आणि पुढेही निघणार नाही. कारण साधे आहे: पाहणीच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय मिळते. तिन्हींपैकी दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते, त्याला मोकळीक उरत नाही. म्हणून संशोधकाला बाहेरून काहीतरी गृहीत धरावे लागते, आणि चांगला संशोधक ते उघड सांगतो.

काही वेळा वेगच उत्तर देतो. अमेरिकेत समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता असावी असे म्हणणारे लोक जनमत पाहण्या करणाऱ्या गॅलप संस्थेच्या १९९६ च्या पाहणीत २७ टक्के होते आणि २०२२ मध्ये ७१ टक्के. जुनी माणसे जातात, नवी प्रौढ होतात, त्यानेही समाजाचे मत सरकते. पण २६ वर्षांत प्रौढांपैकी अर्ध्यापेक्षा जास्त माणसे बदलत नाहीत. त्यामुळे एवढी मोठी झेप केवळ पिढी बदलल्याने पडणे शक्य नव्हते. तीच माणसे होती आणि त्यांनी मत बदलले. उलट एखादे मत दशकागणिक टक्का-दोन टक्क्यांनी सरकत असेल, तर एकाही माणसाने मत बदललेले नसतानाही समाज बदलू शकतो.

या विषयात मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांचे आहे. कॅलिफोर्नियात दोन गटांचा पाठपुरावा आधीपासून चालू होता: ओकलंडमध्ये १९२०–२१ साली जन्मलेली मुले आणि बर्कलेत १९२८–२९ साली जन्मलेली. वयात जेमतेम आठ वर्षांचे अंतर. १९२९ नंतरची महामंदी दोन्ही गटांवर आली. ओकलंडची मुले तोवर कळती झाली होती. घरचे उत्पन्न घटल्यावर ती कामे करू लागली, घराला हातभार लावू लागली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकजण पुढे सावरले. बर्कलेची मुले तेव्हा अगदी लहान, घरातल्या ताणाला पूर्णपणे उघडी. त्यांच्यातल्या मुलग्यांना किशोरवयात त्याची झळ जास्त लागली. एकच आपत्ती, परिणाम वेगळे, आणि फरक केवळ एवढाच की ती आयुष्याच्या कोणत्या वळणावर आली. समाजाचा बदल आणि माणसाचा बदल हे दोन वेगळे विषय नाहीत, हे इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

असा अभ्यास उभा कसा राहतो

पहिले काम नमुना निवडण्याचे. स्वतःहून पुढे येणारे लोक चालत नाहीत. मतदार यादी, घरांची यादी किंवा जन्मनोंद अशा यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करावी लागते. मग पहिली भेट, आणि त्याच भेटीत पुढच्या भेटीची तयारी: पत्ता, फोन आणि शिवाय स्थलांतर झाले तर ठावठिकाणा सांगू शकतील अशा दोन-तीन नातेवाइकांचे किंवा मित्रांचे संपर्क. यासाठी वेगळी, लेखी संमती घेतात. दोन भेटींच्या मधल्या काळात पत्र, संदेश, शुभेच्छापत्र जात राहते. ब्रिटनच्या १९४६ च्या जन्मगटाला वाढदिवसाची कार्डे पाठवतात. ही निव्वळ सौजन्याची बाब नव्हे. कार्ड परत आले की पत्ता बदलल्याचे लगेच कळते.

दुसरा निर्णय 'कोणामागे जायचे' हा. कुटुंब फुटते, मुले वेगळी राहतात, घटस्फोट होतो. मग 'तेच कुटुंब' कोणते? म्हणून बहुतेक पॅनेल कुटुंबाच्या नव्हे, व्यक्तीच्या मागे जातात. अमेरिकेच्या पॅनेलमध्ये घर सोडून गेलेली मुलेही पॅनेलमध्येच राहतात आणि त्यांचे नवे घर त्यात सामील होते. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवला नाही, तर दहा वर्षांनी माहितीला अर्थ राहत नाही.

तिसरा निर्णय अंतराचा. ज्या वेगाने गोष्ट बदलते, त्या वेगाने जायचे. नोकरी आणि उत्पन्नासाठी दर वर्षी किंवा दोन वर्षांनी, मुलांच्या वाढीसाठी सुरुवातीला लवकर-लवकर आणि पुढे सावकाश. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासात १९७२–७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांना ३ ते १५ या वयात दर दोन वर्षांनी तपासले. त्यानंतर १८, २१, २६, ३२, ३८ आणि ४५ व्या वर्षी.

चौथी गोष्ट कंटाळवाणी पण निर्णायक: प्रश्नाचे शब्द बदलायचे नाहीत. 'तुम्ही आनंदी आहात का' हा प्रश्न पुढच्या फेरीत 'तुम्ही समाधानी आहात का' झाला, तर दिसणारा फरक माणसातला की शब्दातला, हे कधीच कळणार नाही. बदल अटळच असेल तर एका फेरीत अर्ध्या लोकांना जुना आणि अर्ध्यांना नवा प्रश्न विचारून दोन्हींतले अंतर मोजून घेतात.

गळती: या पद्धतीचा जुना आजार

प्रत्येक फेरीत ९० टक्के लोक टिकले, असे ऐकले की बरे वाटते. पण दहा फेऱ्यांनंतर उरतात सुमारे ३५ टक्के. ९५ टक्के टिकवले तर सुमारे ६०. फेरीगणिक पाच टक्क्यांचा फरक शेवटी सुमारे १.७ पटीचा होतो.

संख्या घटणे त्यामानाने परवडते. कोण गळले, हा खरा प्रश्न. पाच माणसांचे आरोग्याचे गुण १०, २०, ३०, ४०, ५० आहेत, सरासरी ३०. पाच वर्षांत सगळ्यांचेच गुण २ ने घसरले. पण पहिले दोघे आजारपणामुळे पुढच्या फेरीला आलेच नाहीत. उरलेल्यांचे गुण २८, ३८, ४८, सरासरी ३८. प्रत्येकजण खालावला आणि आकडा मात्र ८ ने सुधारला!

उपाय दोन. एक म्हणजे भरपाई: एखाद्या गटातले निम्मेच लोक टिकले असतील, तर त्या टिकलेल्यांच्या प्रत्येक उत्तराला दुप्पट वजन देतात. पण ही भरपाई उत्पन्न, शिक्षण, वय अशा आधीच नोंदलेल्या गुणांपुरतीच. ज्या कारणामुळे माणूस गळला ते कधी नोंदलेच नसेल, तर वजने बदलून काही होत नाही. दुसरा उपाय म्हणजे गळतीच होऊ न देणे. ड्युनेडिनचे संशोधक देशाबाहेर स्थायिक झालेल्यांनाही तपासणीसाठी विमानाने बोलावून घेतात. खर्चिक आहे, आणि माझ्या मते तो पैसा सर्वांत सार्थकी लागतो.

खोटा बदल

समजा १,००० माणसे आहेत, ९०० कामावर, १०० बेरोजगार, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एकाचीही स्थिती बदलली नाही. फक्त दर फेरीत ५ टक्के उत्तरे चुकीची नोंदली जातात, ऐकण्यात किंवा लिहिण्यात. दोन्ही फेऱ्यांत बेरोजगार १४० दिसतील. म्हणजे आकडा चुकीचा, पण स्थिर. मात्र व्यक्तीगणिक जुळणी केली की सुमारे ९५ माणसांची स्थिती 'बदललेली' दिसेल. त्यातला एकही बदल खरा नाही. एकूण समाजाच्या आकड्यात दोन्ही फेऱ्यांतल्या चुका एकमेकींना छेदतात. व्यक्तीच्या आकड्यात त्याच चुका बदलाचे सोंग घेतात. म्हणून प्रश्नकर्ता मागचे उत्तर समोर ठेवून विचारतो: "मागच्या वेळी तुम्ही अमुक काम करत होता असे सांगितले होते. अजूनही तेच का?" त्याने खोटे बदल कमी होतात, पण "हो, तेच" म्हणून सुटण्याचा मोहही वाढतो.

दुसरा सापळा टोकाच्या आकड्यांचा. ज्यांचा रक्तदाब आज सर्वांत जास्त आला, त्यांनाच निवडून महिन्याने तपासा. काहीही उपचार न करता सरासरी खाली येईल, कारण आजच्या उच्चांकात थोडा योगायोगही होता. तुलनेला उपचार न घेतलेला गट नसेल तर हे श्रेय औषधाला जाते.

आणि पुन्हा पुन्हा विचारल्याने माणूसही बदलतो. मतदानाबद्दल दर वेळी प्रश्न आला की मतदानाकडे त्याचे लक्ष वाढते. हे तपासायला दर फेरीत काही नवे लोक घेऊन त्यांची जुन्यांशी तुलना करतात.

"मग पूर्वी कसे होते, हे लोकांनाच का विचारू नये?"

कारण आठवण आजच्या मनाने भूतकाळ नव्याने लिहिते. अमेरिकेत १४ व्या वर्षी मुलाखत घेतलेल्या ६७ मुलांना ४८ व्या वर्षी पुन्हा गाठून त्यांच्या किशोरवयाबद्दल विचारले. घर, आईवडील, शिक्षा, धर्म यांविषयीच्या त्यांच्या आठवणी तेव्हाच्या उत्तरांशी अंदाजाने सांगितल्याइतपतच जुळल्या. लग्न, बाळंतपण, नोकरी लागल्याचे वर्ष अशा ठळक घटना बऱ्यापैकी नीट आठवतात. भावना, मते आणि खर्च नाही.

"पाठपुरावा केला म्हणजे कारण कळले का?"

आपोआप नाही. पण एक मोठी सोय होते: माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्या स्वतःशी करता येते. त्यामुळे जे त्याच्यात कायम असते, म्हणजे स्वभाव, बालपण, घराणे, ते दोन्ही बाजूंना सारखेच राहून हिशेबातून बाद होते. विवाहित लोक अविवाहितांपेक्षा समाधानी असतात, हे एकदाच केलेल्या पाहणीतही दिसते. जर्मनीत १९८४ पासून दर वर्षी चालणाऱ्या पॅनेलमध्ये आयुष्यातले समाधान ० ते १० च्या मोजपट्टीवर विचारतात. त्यातून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले की पुढे लग्न करून ते टिकवणारे लोक लग्नाच्या कितीतरी आधीपासूनच सरासरीपेक्षा समाधानी होते. लग्नाच्या सुमारास समाधान थोडे वाढले आणि दोनेक वर्षांत पूर्वपदावर आले. तरीही, जे लग्न आणि समाधान या दोन्ही गोष्टी एकदम बदलते, उदाहरणार्थ नवी नोकरी, ते वेगळे काढायला ही पद्धत अपुरी पडते.

"निकाल येईपर्यंत जग बदलून जाईल"

काही प्रश्नांसाठी हा आक्षेप रास्त आहे. एक तोड अशी: १०, २०, ३० आणि ४० वर्षांचे चार गट घेऊन प्रत्येकाचा १२ वर्षे पाठपुरावा करायचा. बारा वर्षांत १० ते ५२ या वयांचा पट हाती येतो, आणि प्रत्येक सांध्यावर दोन वर्षे दोन गट एकाच वयाचे असतात. तिथे त्यांचे आकडे जुळले तर सांधा धरतो. न जुळले तर पिढीचा फरक उघड होतो.

आणि वाट पाहण्याचे फळही मिळते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ निरोगी लोकांपासून हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला. वयाबरोबर रक्तदाब वाढणे स्वाभाविकच, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानत. १९६१ साली याच अभ्यासातून वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही हृदयविकाराची 'जोखमीची कारणे' म्हणून पुढे आली. जो आजारी पडून गेला त्याला मागाहून विचारून हे कळले नसते. आजाराच्या आधीची मोजमापे हाताशी हवी होती.

बातमी वाचताना

'पिढी', 'वयानुसार', 'वाढले', 'घटले' हे शब्द दिसले की आधी शोधावे: त्याच माणसांना दोनदा पाहिले की वेगवेगळ्या माणसांना? प्रश्न दोन्ही वेळा त्याच शब्दांत होता का? आणि टिकले किती, ते कशाच्या तुलनेत सांगितले आहे? ड्युनेडिनमध्ये ४५ व्या वर्षी ९३८ जण तपासणीला आले. तोवर हयात असलेल्या ९९७ जणांच्या तुलनेत हे ९४ टक्के. सुरुवातीच्या १,०३७ च्या तुलनेत ९० टक्के. जिवंत माणसांचे आरोग्य किंवा उत्पन्न जाणायचे असेल तर पहिला आकडा बरोबर. आयुष्यमान किंवा एखाद्या आजाराची जोखीम काढायची असेल तर वारलेल्या ४० जणांना वगळून चालत नाही. त्यांच्या मृत्यूची तारीख आणि कारण हीच त्या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची नोंद असते.